बोर्डावर नुसतं 'बॅटरी' लिहिलेलं मानपाड्याचं दुकान आणि बेसमेंटमध्ये मेलेली माझी गाडी

ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्यांसाठी लिहितेय, त्यातही ज्यांची गाडी पुश बटणवाली, ऑटोमॅटिक, स्टार्ट-स्टॉपवाली (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणारी) आहे आणि बेसमेंटला उभी असते त्यांच्यासाठी. दुकान मानपाड्याच्या अलीकडे सर्व्हिस रोडवरून आत वळणाऱ्या गल्लीत आहे, निळा बोर्ड आहे, त्यावर 'बॅटरी, इन्व्हर्टर, चार्जिंग' एवढंच लिहिलंय. दुकानाला नाव असं काही नाहीच, बिलावर पण फक्त शिक्का. मी गेल्या ४ महिन्यांत यांच्याकडून दोनदा काम करून घेतलंय, दोन्ही वेळचा अनुभव सविस्तर सांगते कारण मधे ज्या चुका होता होता राहिल्या त्या कुणाच्याही गाडीच्या बाबतीत होऊ शकतात.

गणपतीला आम्ही ट्रेनने चिपळूणला गेलो होतो, ११ दिवसांनी परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंची डोळ्यांची अपॉइंटमेंट होती, साडेआठला खाली गेले, रिमोट दाबला तर काहीच नाही. ना लाइट ना आवाज. आधी वाटलं रिमोटचा सेल गेला. दुसरी चावी आणली तरी तेच. मग आठवलं की रिमोटच्या आत एक पातळ चावी असते, ती काढली, पण दाराला चावीचं भोकच दिसेना. ते ड्रायव्हर साइडच्या हँडलच्या टोकाला एका प्लास्टिकच्या टोपणाखाली लपवलेलं असतं. ५ वर्षं गाडी वापरतेय आणि हे मला माहीत नव्हतं. तुमच्या गाडीचं कुठे आहे ते आजच बघून ठेवा, अंधाऱ्या बेसमेंटमध्ये मोबाइलच्या टॉर्चवर शोधायला लागू नये. आई रिक्षाने गेल्या, मी खाली थांबले.

शेजारच्या विंगमधले एक काका मदतीला आले, माणूस खरंच चांगला, स्वतःची गाडी समोर लावली, जंपर केबल आणली. केबल दिसायला जाडजूड होती पण ते सगळं रबरच, आतली तार बारीक. ती बसत होती तोपर्यंत ठीक, सेल्फ मारल्यावर नुसतं टकटकटकटक आणि केबल हाताला गरम लागायला लागली. वर त्यांनी काळा चिमटा सरळ माझ्या बॅटरीच्या निगेटिव्हवर लावला होता, जिथे एक छोटा चौकोनी डबा आणि वायर होती, त्याच्या अंगावरच. तो बॅटरी सेन्सर असतो हे मला नंतर कळलं. मग वॉचमन म्हणाला ढकलून बघू. ऑटोमॅटिक गाडी ढकलून चालू होत नाही हो, आणि पी मधून (पार्किंगच्या गिअरमधून) गिअर निघतच नव्हता कारण त्या लॉकला पण करंट लागतो. चाकं लॉक असताना ओढली तर गिअरबॉक्सचं नुकसान. गिअरच्या बाजूला एक छोटं झाकण असतं, त्याच्या आत दाबून न्यूट्रल काढता येतो, हेही मला दुकानातल्या मुलाने दाखवलं.

मग मी एका ॲपवरून मेकॅनिक बोलावला. नाव घेत नाही. तो दीड तासाने आला, बॉनेट उघडलं, मीटर बिटर काही लावलं नाही, "मॅडम बॅटरी गेली, नवीन टाकावी लागेल, ५२०० मध्ये करून देतो, सेम साइज आहे." मी विचारलं चालू तरी करून बघ, तर म्हणाला चालू करतो आणि मग इंजिन चालू ठेवून निगेटिव्ह काढून बघतो, गाडी बंद पडली तर अल्टरनेटर (चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा भाग) खराब. का कोण जाणे मला ते पटलं नाही, म्हटलं नको, व्हिजिटचे पैसे दिले आणि त्याला पाठवून दिलं. हे मी केलं याचा मला आज प्रचंड आनंद आहे. अँबॅसिडर, पद्मिनीच्या जमान्यात ही टेस्ट सर्रास करायचे, तेव्हा गाडीत बिघडण्यासारखं काही नव्हतं. आताच्या गाडीत चालू इंजिनवर बॅटरी काढली की अल्टरनेटरचा व्होल्टेज एकदम उसळतो, त्या उसळीला शोषून घ्यायला बॅटरीच नसते आणि मग ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), ब्रेकच्या एबीएसचं युनिट, स्क्रीन, काय उडेल सांगता येत नाही. ५ हजारांची बॅटरी तपासायला हजारो रुपयांचा ईसीयू पणाला.

दुकानाचा नंबर आमच्या इस्त्रीवाल्या दादांनी दिला, त्यांच्या टेम्पोची बॅटरी तिथलीच. फोन दुकानाच्या काकांनी उचलला आणि पहिला प्रश्न, गाडी कुठली, कुठल्या वर्षाची, स्टार्ट-स्टॉप आहे का. मग, बॅटरी फुगलीय का, चीर आहे का, ओली आहे का, सडक्या अंड्यासारखा वास येतोय का. म्हणाले यातलं काही असेल तर हात लावू नका, जंप पण मारायची नाही, नुसतं लांब थांबा. तसं काही नव्हतं. "मग ताई गाडीची चावी आत ठेवून दार लावू नका, करंट आला की गाडी स्वतः लॉक होते कधी कधी." एवढं फोनवर, पैशांची गोष्ट अजून निघालीच नव्हती.

४० मिनिटांत मुलगा आला. २२-२३ वर्षांचा असेल, कमी बोलणारा. आल्यावर पहिलं काम त्याने हातातलं स्टीलचं कडं काढून खिशात टाकलं आणि मला म्हणाला ताई तुम्ही टॉर्च धरणार असाल तर बांगड्या काढा. मला वाटलं काय हे, पण नंतर समजावलं, कडं किंवा बांगडी एका बाजूने पॉझिटिव्हला आणि दुसऱ्या बाजूने बॉडीला लागली की क्षणात लालबुंद होते, हाताला कायमचा डाग. १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक गाफील असतात, पण करंट शेकडो अँपिअरचा असतो. त्याच्या १० नंबरच्या पान्याला तोंड सोडून पूर्ण काळी टेप गुंडाळलेली होती. चष्मा, हातमोजे घातले, मग मीटर लावला. ९.८ व्होल्ट. फुल बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२ च्या खाली आली म्हणजे जवळपास रिकामी, आणि ९.८ म्हणजे पार तळाला.

डब्याएवढा छोटा बूस्टर होता त्याच्याकडे, म्हणजे गाडी चालू करून देणारी हातातली बॅटरी. लाल चिमटा पॉझिटिव्हवर आणि काळा बॅटरीपासून लांब, इंजिनच्या एका उघड्या, रंग नसलेल्या लोखंडी बोल्टवर. कारण विचारलं तर म्हणाला शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते, बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, ती ठिणगी बॅटरीच्या तोंडापाशी नको. आणि दुसरं म्हणजे तो सेन्सर आत-बाहेर जाणारा करंट मोजतो, थेट निगेटिव्हवर चिमटा लावला की त्याचा हिशोब चुकतो. दुसऱ्या गाडीवरून जंप मारायचा असेल तर क्रम हाच, आधी मेलेल्या बॅटरीचा प्लस, मग चांगल्या बॅटरीचा प्लस, मग चांगलीचा मायनस आणि सगळ्यात शेवटी मेलेल्या गाडीचं लोखंड, काढताना बरोब्बर उलटं. लाल काळा अदलाबदल झाला तर दोन्ही गाड्यांची वाट, त्यामुळे प्लसची खूण डोळ्यांनी बघून मगच लावायचं, अंदाजाने नाही.

चिमटे लावल्यावर गाडीला एकदम जाग आली आणि अलार्म केकाटायला लागला, बेसमेंटभर घुमला, वॉचमन पळत आला. चावीने दार उघडलेलं असल्यामुळे गाडीला चोरी वाटते, रिमोटने अनलॉक दाबलं की बंद. ३-४ मिनिटं थांबून बटण दाबलं, चालू झाली. चिमटे काढून मीटर लावला तर १४.३, म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत. काही न काढता, १० सेकंदात. लगेच म्हणाला ताई इथे चालू ठेवू नका, धूर साठतो, वर उघड्यावर घ्या. बेसमेंटला अर्धा अर्धा तास इंजिन चालू ठेवून 'चार्ज करतोय' म्हणणारे आमच्या सोसायटीत बरेच आहेत, त्यांनी हे वाचावं असं मनापासून वाटतं, कार्बन मोनॉक्साइडला वास पण नसतो.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. मी म्हटलं ठीक, चालू झाली, किती द्यायचे. तर म्हणाला थांबा, बॅटरी कशामुळे उतरली ते बघू. पोडियमवर गाडी बंद केली, बॉनेट उघडंच ठेवून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने खाली ढकलून बसवलं म्हणजे गाडीला वाटतं बॉनेट बंद आहे, मग रिमोटने लॉक केली, चावी लांब नेऊन ठेवली आणि चक्क अर्धा तास बसून राहिला. गाडीतले सगळे कॉम्प्युटर झोपायला तेवढा वेळ लागतो. मग निगेटिव्ह केबलला क्लँप मीटर लावला, आकडा ०.३ अँपिअर. निरोगी गाडी झोपेत ५० मिलीअँपिअरच्या आतबाहेर खाते म्हणजे ०.०५. माझी सहापट खात होती. दिवसाला ७.२ अँपिअर-अवर, बॅटरी ४५ अँपिअर-अवरची, म्हणजे ६ दिवसात खलास आणि आम्ही ११ दिवस गावी. त्याने एकेक फ्यूजवर मीटरच्या पिना टेकवून शोधलं, डॅशकॅम निघाला. मागच्या वर्षी एका ॲक्सेसरीजवाल्याने बसवून दिलेला, सरळ कायम करंट असलेल्या फ्यूजवर जोडलेला, मधे व्होल्टेज कमी झाल्यावर तोडणारं किट नाही. पार्किंगमध्ये पण रात्रंदिवस रेकॉर्डिंग. ॲपवाल्याकडून मी नवीन बॅटरी टाकली असती तर तीही पुढच्या सुट्टीत मेली असती.

बॉनेट बंद करताना ते लॅच आतल्या खटक्याने परत मोकळं करायला विसरायचं नाही, नाहीतर आपटलं की वाकतं. हे तो दोनदा बोलला.

मग जुनी बॅटरी काढून चार्जिंगला घेऊन गेला आणि त्या जागी दुकानाची सर्व्हिस बॅटरी लावून दिली, म्हणजे गाडी माझ्याकडे चालू. पूर्ण उतरलेली बॅटरी गाडी फिरवून भरत नाही, अल्टरनेटर ती राखायला असतो, तळापासून भरायला नाही, त्यालाही ताण येतो. दुकानात तिला हळू चार्ज करतात, क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने, ४५ ला साधारण साडेचार अँपिअर, रात्रभर. दुसऱ्या दिवशी काकांनी टेस्टरची चिठ्ठी दाखवली, तब्येत ५८ टक्के. मला वाटलं आता नवीन घ्या म्हणणार. म्हणाले, "चालेल अजून, पावसाळा काढेल, दिवाळीनंतर या. पण लांब जाणार असाल तर आधी दाखवा." माझ्या वापराबद्दल पण विचारलं. घर ते शाळा दोन किलोमीटर, मग बाजार, ट्रॅफिकमध्ये एसी, वायपर, लाइट सगळं चालू आणि गाडी रांगतेय, अशाने बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. आणि मी सांगितलं की हल्ली सिग्नलला इंजिन आपोआप बंद व्हायचं थांबलं होतं, मला बरंच वाटत होतं. काका म्हणाले तीच पहिली सूचना असते, बॅटरी कमी असली की गाडी स्टार्ट-स्टॉप स्वतः बंद ठेवते. कुठलाही लाल दिवा लागायच्या महिनाभर आधी गाडीने मला सांगितलं होतं.

त्या वेळचं बिल ९००, व्हिजिट ५०० आणि चार्जिंग ४००. डॅशकॅमची जोडणी काढून चावीबरोबर चालू-बंद होईल अशी करून दिली त्याचे वेगळे काही घेतले नाहीत.

नोव्हेंबरच्या शेवटी सकाळी सेल्फ जड वाटायला लागला, सरळ दुकानात गेले. यावेळी बदलावीच लागली. माझ्या गाडीला ईएफबी प्रकारची बॅटरी लागते, साध्या बॅटरीपेक्षा जास्त वेळा उतरणं-भरणं सोसणारी. सिग्नलला दिवसात ३०-४० वेळा इंजिन बंद-चालू होणाऱ्या गाडीत साधी बॅटरी टाकली तर बसते, चालते आणि वर्ष-दीड वर्षात राम म्हणते, आणि ज्या गाडीला कंपनीने एजीएम (ईएफबीच्याही वरचा प्रकार) दिलीय तिला एजीएमच टाकायची. म्हणजे ॲपवाल्याची ५२०० ची 'सेम साइज' साइजने सेमच होती, प्रकाराने नाही. बॅटरीवरच्या नंबरचा अर्थ पण काकांनी सांगितला, उदाहरणार्थ ३८बी२०एल मध्ये ३८ ही ताकद, बी म्हणजे रुंदी-उंचीचा गट, २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये आणि एल म्हणजे टर्मिनल कुठल्या बाजूला. एल च्या जागी आर घेतली तर केबल पोचत नाही, लोक ओढून ताणून लावतात आणि तिथेच उलटी जोडणी होते.

बदलताना मी बाजूला उभी राहून बघितलं. आधी स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (जिथे मेकॅनिक स्कॅनर लावतात) एक पिन घातली, तिची वायर एका छोट्या बॅटरीला. यामुळे बॅटरी काढली तरी घड्याळ, खिडक्यांचं सेटिंग, गिअरबॉक्सने शिकलेलं सगळं टिकतं. पण म्हणूनच पॉझिटिव्ह केबल काढल्यावरही तिच्यात करंट असतो, तर त्याने तिच्या तोंडावर एक जुना रबरी हातमोजा चढवून वर दोरा बांधला. इतकी साधी गोष्ट, आणि इतकी विचार करून केलेली. काढताना निगेटिव्ह आधी, कारण पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलं आणि पाना बॉडीला टेकला तर सरळ शॉर्ट. सेन्सरचा क्लँप नट सैल करून सरळ वर उचलला, पिळला नाही, स्क्रूड्रायव्हरने उचकटला नाही, तो सेन्सर तिथेच तुटतो आणि महाग असतो. क्लँपवर पांढरट हिरवी पूड जमली होती, तिच्यावर खायच्या सोड्याचं कोमट पाणी ओतलं तर भसाभस फेस आला, मग ब्रशने घासून पुसून कोरडं केलं. ती पूड नुसत्या हाताने झटकायची नाही, आम्ल असतं, डोळ्यात गेलं तर लगेच भरपूर पाण्याने धूत राहायचं आणि डॉक्टरकडे. नवीन बसवताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी, वर व्हॅसलिनचा हात, खालची पट्टी घट्ट आवळली, बॅटरी हलता कामा नये. शेवटी स्कॅनर लावून गाडीला नवीन बॅटरीची नोंद करून दिली, सगळ्या गाड्यांना लागत नाही, माझ्या गाडीला लागते. दुसऱ्या दिवशी कापूरबावडीच्या सिग्नलला इंजिन आपोआप बंद झालं, कितीतरी महिन्यांनी.

बिल ६८००, जुनी बॅटरी परत देऊन. जुनीचे पैसे बिलावर वेगळे लिहून वजा केले. ती भंगारवाल्याला देऊ नका प्लीज, आत शिसं आणि आम्ल असतं, उघड्यावर फोडून वितळवतात, पोरं आजूबाजूला खेळत असतात. २०२२ च्या बॅटरी वेस्टच्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करून रिसायकल करायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे, दुकानं एक्सचेंजमध्ये घेतात ती त्याच साखळीत जाते. वॉरंटी कार्डावर तारीख, गाडीचा नंबर, शिक्का तिथेच मारून घ्या, आणि वॉरंटीचे दोन भाग असतात हे समजून घ्या, आधीचे महिने फ्री बदलून, नंतरचे महिने टक्क्याने सूट. एकूण महिने मोठ्याने सांगतात, फ्रीचे किती ते विचारावं लागतं, काकांनी न विचारता सांगितलं.

माझ्या दिराची इलेक्ट्रिक गाडी आहे ऐरोलीला, त्याला वाटायचं त्याला हा त्रासच नाही. इलेक्ट्रिक गाडीत पण छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते, ती उतरली की मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असूनही गाडी जागी होत नाही, कारण मोठ्या बॅटरीचे स्विच जोडायला त्या छोटीचाच करंट लागतो. त्या छोटीवर काम होतं, पण केशरी रंगाच्या केबलना हात लावायचा नाही, ते शेकडो व्होल्ट, जिवावर बेतणारं. आणि इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीवरून दुसऱ्याच्या गाडीला जंप द्यायला जाऊ नका, बऱ्याच कंपन्या मॅन्युअलमध्ये सरळ नाही म्हणतात. इलेक्ट्रिकचं काम दुकानवाले स्वतः करत नाहीत, मॅन्युअल वाचा आणि कंपनीच्या असिस्टन्सला फोन करा असं सांगतात, मला तो प्रामाणिकपणा वाटला. इन्शुरन्समध्ये रोडसाइड असिस्टन्सचं ॲड-ऑन असेल तर त्यात बहुतेक वेळा जंपस्टार्ट धरलेला असतो, पॉलिसी काढून बघा, मी घेतलेलं होतं आणि मलाच आठवत नव्हतं.

उणं काय ते पण सांगते. दुकानासमोर पार्किंग अजिबात नाही, गल्लीत दोन गाड्या समोरासमोर आल्या की कोंडी. संध्याकाळी ६ नंतर घोडबंदरचं ट्रॅफिक असं असतं की ४० मिनिटं सांगितली तर दीड तास धरा. कार्ड चालत नाही, जीपे चालतं. फोन बऱ्याचदा बिझी लागतो. भाव ऑनलाइनपेक्षा ३००-४०० ने जास्त वाटला, पण ऑनलाइनवाला अर्धा तास बसून मीटर लावत नाही, म्हणून मी ते दिले. पाचपैकी पाच देतेय.

रविवारी बंद, बाकी दिवशी सकाळी १० ते रात्री ८, दुपारी जेवायला तासभर शटर अर्धं खाली असतं पण हाक मारली की उघडतात. फोन करण्याआधी गाडीचं मॉडेल, वर्ष आणि आत्ताच्या बॅटरीवर छापलेला नंबर जवळ ठेवा, बॉनेट उघडून एक फोटो काढलात तरी पुरे, काका आधी तोच मागतात.